सोनाक्काचा पुतळा आणि माझं एक मत

संपादकांचं पत्र आलं, 'आपल्या कलासाधनेविषयी अंकासाठी लिहा.' साधना वगैरे आपण आयुष्यात कधी केलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी ओतकाम केलं. जातीनं ओतारी नव्हे, कामानं. बापानं छप्पन साली धम्म घेतला आणि गावकीची कामं सोडली ती सोडलीच. मला मिसरूड फुटलं तसं त्यानं सांगलीकडच्या एका पंपाच्या कारखान्यात मोल्डर म्हणून चिकटवलं. वाळूत नमुना दाबायचा, काढून घ्यायचा, राहिलेल्या पोकळीत वितळलेला रस ओतायचा आणि निवल्यावर वाळू फोडायची. पुढं गावी स्वतःची भट्टी टाकली आणि पुतळे ओतायला लागलो. पुतळा म्हणजे याहून फार वेगळं काही नसतं. पण पंपाला नाक नसतं, आणि पंप बघायला त्याचे नातेवाईक येत नाहीत.

नातेवाईकांनी मला जेवढं छळलं तेवढं भट्टीनं नाही छळलं. पुतळा आधी मातीत करतात, लोखंडी सांगाड्यावर शाडू चढवून. ती माती ओली असेपर्यंत ज्याला त्याला बोट घालायची मुभा असते. विट्याकडचे एक गलाईवाले होते. सोनं गाळायचं दुकान पार तिकडं मद्रासकडं, आणि बापाचा अर्धपुतळा हवा होता गावच्या शाळेत. आले, बघितलं आणि म्हणाले, "गालावरची चामखीळ काढा, बरं दिसत न्हाई." काढली. दुसऱ्या दिवशी त्यांची आई आली. दोन मिनिटं बघत राहिली आणि लेकाला म्हणाली, "ह्यो कोन रं?" मी निमूटपणे चामखीळ परत चिकटवली. तशी म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. तेव्हापासून मी लेकांचं ऐकायचं सोडून दिलं आणि आयांचं ऐकायला लागलो.

मातीवरून प्लॅस्टरचा साचा, साच्यात मेण, मेणाभोवती पुन्हा जाड लेप. मग तापवून मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी धातू ओतायचा. मोठा पुतळा एका दमात ओतत नाहीत. धड वेगळं, हात वेगळे, डोकं वेगळं, आणि मग वेल्डिंग. झालं, कळली तुम्हाला माझी विद्या. बाकी सगळा अंगातला घाम.

नव्वद सालानंतर आमच्या वॉर्डाची जागा राखीव झाली आणि वस्तीनं मला नगरपालिकेला उभा केला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कराडहून विट्याकडं निघालात की लागतं, एवढं पुरे. मला वाटलं, पुतळ्यांमुळं चार पुढारी ओळखतात म्हणून मला धरला असेल. तर तसं नव्हतं. शेवंतामावशी, भाजी विकायची ती, मला तोंडावर म्हणाली, "भट्टीपाशी वरडून वरडून तुझा आवाज मोठा झालाय. सभंत आपलं कुणी ऐकत न्हाई. तू नुसता वरड." एवढ्या जाहीरनाम्यावर मी निवडून आलो.

त्याच सुमाराला आमच्याकडं एक जर्मन पाहुणा येऊन राहिला होता. हेल्मुट. उंच, लाल तोंडाचा, पुण्याच्या एका कॉलेजातल्या ओळखीनं आलेला. तिकडं तो भंगार लोखंड जोडून माणसं आणि पक्षी करायचा, आणि इकडं त्याला आमचं मेणाचं ओतकाम बघायचं होतं. दोघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळं भांडणाची सोयच नव्हती. मी नगरसेवक आहे म्हटल्यावर त्यानं एकदम माझा हात धरला. तोही त्याच्या गावचा नगरसेवक! त्याच्या गावात म्हणे कचऱ्यावरून तासन्‌तास भांडणं होतात. मला लय बरं वाटलं. मग त्यानं मला एक गोष्ट सांगितली. त्याच्या कामाचा विषय सभेत निघाला की तो आपणहून बाहेर जातो, कॉफी पितो आणि मतदान झाल्यावर आत येतो. "मग माझ्याकडं बोट दाखवायची कुणाची हिंमत नाही," म्हणाला. हे मला इतकं आवडलं की दोन दिवस मी तेच घोकत होतो. हेल्मुट थंडी संपता संपता परत गेला. त्याची ही शिकवण मात्र इथंच राहिली.

आता सोनाक्का. सोनाक्का म्हणजे शेवंतामावशीची आई, आमच्या वस्तीतली सुईण. गावात डॉक्टर नव्हता तेव्हापासून ती बाळंतपणं करायची. मी तिच्याच हातावर आलो. आमचे नगराध्यक्ष, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, तेही तिच्याच हातावर आले. फरक असा, की आमच्या घरात ती सरळ आत यायची आणि अण्णांच्या घरात मागच्या दारानं. गोठ्याकडनं आत जायचं, बाळाची नाळ कापायची, न्हाऊ घालायचं आणि परत गोठ्याकडनंच बाहेर. बाळाला शिवलेलं चालायचं. पाण्याच्या हंड्याला शिवलेलं चालायचं नाही. हे तिनं चाळीसएक वर्षं केलं आणि एक दिवस गेली. पेपरात दोन ओळीसुद्धा आल्या नाहीत.

नगरपालिकेनं नवीन प्रसूतिगृह बांधलं, आणि पुढच्या फाटकाच्या आत एक गोल चौथरा केला. त्यावर काय बसवायचं ठरेना. कुणी कारंजं म्हणे, कुणी सिमेंटचा हंस. मी उठलो आणि आवाज होता तेवढा लावून म्हणालो, "सोनाक्काचा पुतळा बसवा." मग कुणीतरी फिसकन हसलं. "सुईणीचा पुतळा?"

अण्णा हसले नाहीत. ते हुशार माणूस. म्हणाले, "कल्पना चांगली आहे, किसनराव. फक्त गावात पुतळे करणारे तुम्ही एकटेच. म्हणजे काम तुम्हालाच, नाही का?"

माझं डोकंच फिरलं. "एक पैसा घेणार नाही," म्हणालो. "नगरपालिकेचाही नको. धातू लोक देतील, हात माझे." अण्णांनी मान डोलावली आणि ठराव झाला, की पुतळा स्वखर्चानं तयार करून आणल्यास प्रसूतिगृहाच्या आवारात जागा देण्याचा विचार करू. 'आवारात' हा शब्द मी नीट ऐकायला हवा होता. मी विजयी वीरासारखा घरी आलो.

लोकांनी भांडी देऊन पुतळा ओतायची पद्धत आमच्याकडं आहे. घरटी एखादा तांब्या, एखादी घागर. तांबं-पितळ असलं की काम भागतं, बाकी कथील-बिथील मी बघून घेतो. भांडी आली की मी आधी एकेक वाचतो. प्रत्येकावर कोरलेलं असतं, कुणी कुणाला कुठल्या लग्नात दिलं ते. वितळवण्याआधी ती नावं मोठ्यानं वाचायची ही माझी सवय. भट्टीला कुणाचं काय घालतोय हे मला माहीत असलं पाहिजे.

वस्तीतून भांडी यायला लागली आणि माझी पंचाईत झाली. आमच्याकडं पितळ कुठलं? दोन-चार घरांत होतं ते आलं, फौजेतून आलेल्या एकानं मोठी समई दिली, धडाचा आणि हातांचा धातू कसाबसा जमला. बाकी बायका घेऊन येत होत्या त्या जर्मनच्या वाट्या, जर्मनची ताटं. अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडं जर्मनच म्हणतात. आणि पितळेच्या रसात हा धातू चिमूटभर जरी गेला, तरी रसावर सायीसारखी कातडी धरते. ती कातडी साच्यात जाते आणि काम बाद होतं. फाउंड्रीत पहिल्या महिन्यात शिकवतात हे. मी एकेका बाईला समजावून परत पाठवत होतो.

शेवटी शेवंतामावशी आली. हातात जर्मनचं पातेलं, वर झाकण. सोनाक्का त्याच पातेल्यात बाळंतपणाचं पाणी तापवायची.

"मावशी, हे चालत नाही," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघतच राहिली. "चालत न्हाई? किसना, आमचं भांडं चालत न्हाई हे आमी आजवर दुसऱ्यांच्या दारात ऐकलं. आता तुझ्या बी दारात ऐकायचं व्हय रं?"

काय सांगू तुम्हाला! धातूची जात, रसाची कातडी, सगळं ज्ञान घशातच राहिलं. मी म्हणालो, "राहू दे मावशी. झाकण ठेव. पातेलं आठवण म्हणून घरी ने." ती खूश होऊन गेली. आणि डोकं ओतायच्या दिवशी, पंचवीस वर्षं ओतकाम केलेला मी, शुद्धीवर असताना, ते झाकण तुकडे करून मुशीत टाकलं. इवलंसं तर आहे, एवढ्या रसात विरून जाईल, असं मनाला सांगितलं. मन काय, काहीही ऐकून घेतं.

लेप फोडला तेव्हा वस्तीतल्या बायका गोलात बसल्या होत्या, हळदी-कुंकवाला बसाव्यात तशा हसत-खिदळत. आतून सोनाक्काचा चेहरा निघाला तो सुरकुतलेला, भोकं पडलेला, डावा गाल अर्धा भरलेलाच नाही. एकीनं तोंडावर हात घेतला. मी म्हणालो, "साचा ओला राहिला असेल." पहिलं खोटं. मग मावशीकडं बघितलं आणि दुसरं खोटं जमेना. सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, ती रडेल. ती उठली आणि सगळ्यांसमोर माझ्या दंडावर असा गुद्दा हाणला की हातातली पक्कड पडली.

"मुडद्या, मला सांगायचं हुतं की! चालत न्हाई म्हंजे का चालत न्हाई, एवढं सांगाया तोंड नव्हतं तुला? मी काय खुळी हाय? माझ्या आईचं तोंड जाळलंस तू, मला वाईट वाटू नये म्हून!"

ती खरं बोलत होती. मी दया केली होती तिच्यावर. आपल्याच माणसावर दया करायची खोड मला कुठून लागली, कुणास ठाऊक. आजही ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

डोक्यापुरता धातू नव्यानं लागणार होता, आणि वस्तीत आता काही उरलं नव्हतं. मावशीच म्हणाली, "चल. जिथं जिथं आई जात हुती तिथं जाऊ. पर पुढच्या दारानं." सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही सात-आठ जण निघालो. मी नगरसेवक म्हणून पुढं, पण खरी बोलणार मावशीच. "तुमची किती पोरं माज्या आईच्या हातावर आली?" एवढंच विचारायची. कुणी दार लावलं. कुणी आकडा सांगून तांब्या आणून दिला. एका घरात सून आत विचारायला गेली ती आलीच नाही.

अण्णांच्या घरी अण्णा नव्हते. त्यांच्या आई ओट्यावर आल्या, ऐंशीच्या घरातल्या, काठी टेकत. मावशीनं तोच प्रश्न विचारला. म्हातारीनं बोटं मोजली. मग म्हणाली, "चार. थोरला पायाळू हुता. दोन दिस ती माझ्यापाशी बसली. आणि मी तिला पानी वरनं वतलं, तिच्या वंजळीत." तिनं आतून तांब्याची घागर मागवली, स्वतःच्या लग्नातली. गड्याला सांगितलं, "ह्यांच्या भट्टीपतूर पोचती कर." आणि मावशीला म्हणाली, "आत ये की." मावशी गेली नाही. "आता आई पुढच्या फाटकात उभी ऱ्हायली की येईन," म्हणाली.

दुसरं डोकं असं उतरलं की मी स्वतःच चकित झालो. सोनाक्का उभी, पदर खोचलेला, दोन्ही हात पुढं केलेले, आता कुणीतरी त्यात बाळ ठेवणार आहे असे. हात मी मुद्दाम मोठे केले होते. होतेच तिचे मोठे.

मग ती सभा. अण्णांनी पुतळ्याचं तोंड भरून कौतुक केलं आणि म्हणाले, "जागा द्यायचीच आहे. मागच्या फाटकाजवळ, अ‍ॅम्ब्युलन्सच्या शेडशेजारी चांगली सावली आहे. पुढं कारंजं शोभेल."

मी ओरडलो. कधी नव्हे एवढा ओरडलो. "मागच्या दारानं आयुष्यभर गेली ती! मेल्यावरसुद्धा मागंच उभी करता?" सतरा जणांत खळबळ उडाली. मला अंदाज येत होता की माझ्यासकट नऊ मतं आपल्याकडं झालीत. अण्णांनाही आला असणार. ते शांतपणे म्हणाले, "किसनराव, पुतळा तुमचा. मतही तुमचंच. बरं दिसतं का ते?"

मुख्याधिकारी लगेच म्हणाले, "त्यांनी मोबदला घेतलेला नाही. बसायला, मत द्यायला हरकत नाही." स्पष्ट म्हणाले. पण माझ्या डोळ्यांसमोर हेल्मुट उभा, कॉफीचा कप घेऊन. माझ्याकडं कुणी बोट दाखवता कामा नये! मी ताठ मानेनं उठलो आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. चहासुद्धा मागवला.

आत आठ विरुद्ध आठ झाले. अध्यक्षांनी निर्णायक मत दिलं. मागचं फाटक.

मी आत गेलो आणि म्हणालो, "पुतळा माझ्या आवारात आहे आणि तिथंच राहील. पुढच्या चौथऱ्याशिवाय तो हलणार नाही." एवढंच बोलून निघालो. खाली मावशी उभी होती. मी सांगितलं, मी मत दिलं नाही, आणि का दिलं नाही ते.

"तुझ्या त्या गोऱ्या पाव्हण्याच्या गावात त्याच्यासारखी धा माणसं असतील सभंत," ती म्हणाली. "तो भायेर गेला तर त्याचं काम बाकीची करतील. हितं आपला तू एकटा हुतास रं. आमी काय तुला चहा प्यायला निवडून दिला हुता?"

हेल्मुटला दोष देत नाही, तो त्याच्या जागी बरोबरच होता. मी स्वतःची अब्रू जपली आणि तिची जागा घालवली, साधा हिशेब आहे. नंतरच्या निवडणुकीत मी पडलो. पडायलाच हवा होतो.

पण शब्द फिरवला नाही. निरोप आले, मध्यस्थ आले, एक साहेब तर म्हणाले की एवढी चांगली कलाकृती धूळ खात पडलीय. धूळ मी रोज पुसतो म्हटलं. सोनाक्काला मी माझ्या फाटकाच्या आत, रस्त्याकडं तोंड करून उभी केली. आणि हळूहळू बाया यायला लागल्या. प्रसूतिगृहात जायच्या आधी पोटुशी बाई रिक्षा थांबवून उतरायची, त्या पुढं केलेल्या हातांवर हात ठेवायची आणि जायची. कुठल्या कुठल्या गल्लीतल्या, कडेगावकडच्या ऊसवाल्यांच्या सुना. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. शेवंतामावशी भाजीची पाटी घेऊन तिथंच बसायला लागली होती, ती प्रत्येकीला कितवा महिना ते विचारायची.

दशक संपत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. ऐन दुपारी एक जीप थांबली. अण्णांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती उतरली, दिवस भरलेले. मागून अण्णा उतरले आणि फाटकाशीच थबकले. मावशी उठली, मुलीचा हात धरला. "ये गं बाय. पायरीला जप." मुलगी आत गेली. तिनं दोन्ही हात सोनाक्काच्या हातांवर ठेवले, डोळे मिटले.

अण्णा उन्हात उभे. टोपी हातात. तिथूनच म्हणाले, "किसनराव, मी आत आलो तर चालेल?"

"या की," मी म्हणालो. "ह्या जागेला एकच दार आहे."

ते आले. लेकीच्या मागं उभे राहिले, पुतळ्याकडं बघत. एवढ्या वर्षांत त्यांनी तो जवळून बघितलाच नव्हता. म्हणाले, "आई जाताना म्हणाली होती, त्या घागरीचं काय झालं ते बघून ये." आणि मग, "किती दिवस ठेवणार असा, इथं?"

"तुम्ही ठराव फिरवेपर्यंत."

"आणि नाही फिरवला तर?"

मी त्यांच्या लेकीच्या पोटाकडं बघितलं. "तर हिला मुलगी झाली, तर तीही उद्या इथंच येईल, अण्णा. आम्ही दार लावत नाही."

मुलीनं डोळे उघडले आणि बापाकडं बघत म्हणाली, "तुम्ही पण हात ठेवा ना, अण्णा." त्यांनी ठेवला.